ओमरभर मान्ना

देवाने काल दिले, म्हणून तो उद्याही देईल, या ख्रिस्ती भरवशाचे कूळ शोधत गेले की एका भांड्यापाशी यावे लागते. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात भुकेने कुरकुरू लागले. सकाळचे दव सुकल्यावर त्यांना जमिनीवर धण्यासारखे पांढरे कण दिसले, असे बायबलमधल्या ‘निर्गम’च्या 16व्या अध्यायात आहे. हाच मान्ना. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, वेचायचा आणि उद्यासाठी उरवायचा नाही. ज्यांनी उरवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. तरीही त्यांचा पुढारी मोशे याने आपल्या भावाला, अहरोनाला, ओमरभर मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी जपायला सांगितले. पोटासाठी साठवायला मनाई, साक्षीसाठी साठवायची मात्र आज्ञा: पुढची सगळी परंपरा या भेदावर उभी आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणी रोजच्या भाकरीचीच आहे, भरलेल्या कोठाराची नव्हे.

यावर आक्षेप आहेत. सिनाईत झाऊच्या झाडांवरचे किडे गोड स्राव सोडतात, तोच मान्ना, असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही, पण ही परंपरा घडली ती मान्ना कशाचा होता यावरून नव्हे, तो कसा वेचायचा या नियमांवरून. असा भरवसा माणसाला ऐतखाऊ करतो, हा दुसरा आक्षेप. पण ‘यहोशवा’च्या पुस्तकात कनान देशाचे धान्य खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी मान्ना बंद होतो, शेत मिळाले की शेती करायची. माणसे सोयीचे तेवढेच आठवतात, हा आक्षेप सर्वांत वजनदार. मात्र या कथेने चमत्काराबरोबर पूर्वजांची कुरकुर आणि हावही नोंदवून ठेवली आहे.

सगळे नोंदवून ठेवण्याची हीच शिस्त 19व्या शतकात वहीत उतरली. जॉर्ज म्युलरने 1836 मध्ये ब्रिस्टलला अनाथाश्रम काढला. तो कुणाकडे पैसे मागत नसे. आलेल्या देणग्यांचा हिशेब मात्र छापत असे. हिशेब छापणे हेही मागणेच, असे म्हणता येईल, आणि वाचणाऱ्यांचे हात त्यामुळे सैल झाले असणारच. पण त्याच छापील पानांवर खर्चही तपासता येत होता. म्युलरचे पुस्तक पंडिता रमाबाईंनी वाचले होते. केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमामागच्या श्रद्धेला त्याचेही बळ होते. देवावर हवाला ठेवून हिशेब टाळणारा माणूस या परंपरेचा वारस नव्हे.