मोटारविम्याचे दर, भारतातील

मोटारगाडीची स्वतःची हानी आणि त्या गाडीमुळे इतरांची होणारी हानी या दोन अगदी भिन्न जोखमी होत. परंतु त्या सामान्यतः एकाच विमापत्रात घेतल्या जातात. त्यामुळे मोटारविम्याचा हप्ताही दोन भागांचा बनतो. पहिल्या भागास स्वहानीचा, तर दुसऱ्यास तृतीय पक्ष-दायित्वाचा हप्ता म्हणतात. विमेदार व विमाकंपनी हे करारातील दोन पक्ष असून, अपघातात सापडलेला पादचारी, सायकलस्वार किंवा दुसऱ्या वाहनातील प्रवासी हा तिसरा पक्ष होय. या दोन भागांचे दर ठरविण्याची तत्त्वे वेगळी असून भारतात त्यांचे इतिहासही वेगळे आहेत.

ब्रिटनमध्ये तृतीय पक्ष-विमा १९३० च्या रस्ते वाहतूक अधिनियमाने सक्तीचा झाला. त्याच धर्तीवर भारतातील मोटारवाहन अधिनियम, १९३९ यात आठवे प्रकरण घालण्यात आले. प्रत्यक्षात ते १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. वाहनमालकाची ऐपत असो वा नसो, अपघातग्रस्तास भरपाई मिळावी, हा या सक्तीचा हेतू. मात्र जी वस्तू कायद्याने घ्यावीच लागते, तिची किंमत केवळ विक्रेत्यावर सोपविता येत नाही. म्हणूनच या दरांवर नियंत्रण आले आणि ते आजतागायत टिकून आहे.

विमा अधिनियम, १९३८ मध्ये १९६८ साली दुरुस्ती होऊन दर सल्लागार समितीस वैधानिक स्वरूप मिळाले. पुढे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले व १०७ विमासंस्थांचे व्यवहार चार कंपन्यांकडे आले. त्यांपैकी ‘न्यू इंडिया’ ही मुंबईत दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली कंपनी होती. कंपन्या चार, पण दरपत्रक एकच. ग्राहकास निवड होती, ती कार्यालयाची, किमतीची नव्हती.

या पद्धतीचे प्रगल्भ रूप १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात दिसते. खाजगी मोटारीचा स्वहानीचा दर तीन गोष्टींवर ठरे : नोंदणीचे ठिकाण, एंजिनाची घन क्षमता आणि गाडीचे वय. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगलोर, हैदराबाद व अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात आणि उर्वरित देश ‘ब’ विभागात मोडे. उदा., पाच वर्षांच्या आतील, १,२०० घ. सेंमी. क्षमतेच्या व ४ लाख रु. विमामूल्याच्या मोटारीस पुण्यात ३·२८३ टक्के दराने १३,१३२ रु. हप्ता पडे, साताऱ्यात तो ३·१९१ टक्के दराने १२,७६४ रु. होई. पुण्याच्या रहदारीची किंमत दरपत्रकाने वर्षाला ३६८ रु. धरली होती, असे यावरून म्हणता येईल. विमामूल्य हे उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून घसारा वजा करून काढीत. गाडीच्या पहिल्या सहा महिन्यांत हा घसारा ५ टक्के असून पाचव्या वर्षात तो ५० टक्क्यांपर्यंत जाई.

या दरपत्रकात सर्वांत मोठी उणीव होती ती चालकाची. त्याचे वय, अनुभव, पूर्वीचे अपघात, वर्षभरात तो गाडी किती चालवितो, यांपैकी कशाचीही मूळ दरात दखल नव्हती. ब्रिटनमध्ये तरुण चालकास जबर हप्ता भरावा लागतो. तेथे स्त्रियांना हप्ता कमी पडे, तो भेद यूरोपीय न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयानुसार डिसेंबर २०१२ पासून बंद झाला. भारतात चालकाच्या वर्तनाचा ठसा उमटे, तो मुख्यतः दावारहित सवलतीत. दाव्याविना गेलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे अनुक्रमे २५, ३५, ४५ व पाच वर्षांनी ५० टक्के अशी ही सवलत आहे. ती गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकल्यास ती खरेदीदाराकडे जात नाही, मालकाच्या नव्या गाडीस मात्र लागू होते. विमापत्र संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास ती बुडते. किरकोळ पोच्यासाठी दावा केल्यास मिळणाऱ्या रकमेपेक्षा गमावलेली सवलत पुष्कळदा अधिक भरते. परंतु हा हिशोब फारसा कोणी करीत नाही.

१ जानेवारी २००७ पासून स्वहानीचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. आता गाडीचा नमुना, सुट्या भागांची किंमत, चोरीचे प्रमाण इत्यादींनुसार दर बदलतात. जुलै २०२२ मध्ये तर गाडीची धाव व चालविण्याची पद्धत यांवर आधारित पूरक संरक्षण देण्यासही विमा नियामक प्राधिकरणाने मुभा दिली.

तृतीय पक्ष-विम्याचा दर मात्र खऱ्या अर्थाने न्यायालयात ठरतो. मृत्यू वा शारीरिक इजा यांबाबत मोटारमालकाच्या दायित्वास रकमेची मर्यादा नाही. न्यायाधिकरण मृताचे उत्पन्न, वय व अवलंबून असणाऱ्यांची संख्या पाहून भरपाई ठरविते. तिची गुणकपद्धती सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात (२००९) सुसूत्र केली. लोकांचे उत्पन्न वाढले की भरपाई वाढते आणि दावा निकालात निघेपर्यंत वर्षे लोटतात. हप्ता मात्र आजच घेतलेला असतो. दीर्घकाळ हा हप्ता अपुरा होता आणि त्यातील तूट आगविम्यासारख्या शाखांतील नफ्यातून भरून निघे. २००७ मध्ये त्या शाखांचे दर मुक्त होऊन घसरले, तेव्हा हा आधार तुटला. मालमोटारींचा विमा घेण्यास कंपन्या नाखूष होत्या. म्हणून व्यापारी वाहनांच्या तृतीय पक्ष-जोखमींची सामाईक निधियोजना त्याच वर्षी सुरू करण्यात आली. ती मार्च २०१२ पर्यंत चालली.

केंद्र शासनाने १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांनुसार खाजगी मोटारीस १,००० घ. सेंमी. पर्यंत २,०९४ रु., १,५०० पर्यंत ३,४१६ रु. व त्यावरील क्षमतेस ७,८९७ रु. असा वार्षिक हप्ता ठरला. विजेवरील मोटारींना १५ टक्के सूट देण्यात आली. तिचा संबंध अपघातापेक्षा प्रदूषणविषयक धोरणाशी अधिक आहे. एंजिनाची क्षमता हे धोक्याचे ढोबळ माप होय. मोठी गाडी जपून हाकणाऱ्यास छोटी गाडी बेदरकारपणे हाकणाऱ्याच्या जवळजवळ चौपट रक्कम भरावी लागते.

दर कितीही नेमका ठरविला, तरी विमा उतरविलाच नाही तर अपघातग्रस्तास त्याचा उपयोग नाही. पहिल्या वर्षानंतर नूतनीकरण न केलेली असंख्य वाहने, विशेषतः दुचाकी, रस्त्यावर असल्याचे दिसून आल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन व नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय पक्ष-विमा खरेदीच्या वेळीच घेणे सक्तीचे झाले. त्यामुळे प्रारंभीचा खर्च एकदम वाढतो, अशी ग्राहकांची तक्रार असते. विमा नसलेल्या वाहनाखाली सापडलेल्याच्या कुटुंबास न्यायाधिकरणाचा हुकूम मिळतो. त्यातील रक्कम मात्र त्यांना त्या वाहनमालकाकडूनच वसूल करावी लागते.