आपल्या दिंडीची चूल



दिंडीला शंभर वर्षं झाली. या स्मरणिकेत विणेकऱ्यांची, कीर्तनकारांची, अन्नदात्यांची आठवण झाली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण दिंडी जशी भजनावर चालते, तशी भाकरीवरही चालते. म्हणून भिशी सांभाळणाऱ्या आम्ही मंडळींनी ठरवलं, की आपल्या चुलीचाही इतिहास दोन पानांत लिहून ठेवावा.

नारायणगावात मीना, कळंबला घोड, खेडला भीमा अशा नद्या मागं टाकत, चाकणवरून आळंदी गाठायची. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान झालं की सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत पंढरी. ही आपली वाट. पूर्वी सोबत बैलगाडी असे. तिच्यात पीठ, डाळ, तवे आणि गोवऱ्या. तळावर पोचलं की ज्यानं त्यानं तीन दगड शोधून आपली चूल मांडायची. जितकी घरं तितक्या चुली. आषाढाचा पाऊस आणि ओलं सरपण. फुंकून फुंकून बायाबापड्यांचे डोळे लाल व्हायचे. जाळ निम्मा वाऱ्यावरच जायचा.

एवढा त्रास असून चुली वेगळ्या का? याचं उत्तर झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चुली जातीच्या होत्या. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. वाटेनं एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, ही खंत त्यांनी आपल्या ‘वाटचाल’ या लेखात मांडली आहे. आपल्या दिंडीतही तेच होतं, असं जुनी माणसं सांगायची.

कीर्तनात मांड्यांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. विसोबानं कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, तेव्हा माउलींनी पाठ तापवली आणि मुक्ताईनं तिच्यावर मांडे भाजले. म्हणजे ज्या भावंडांची चूल समाजानं बंद पाडली, त्यांच्याच नावाचा गजर करत आम्ही चालत होतो आणि तळावर येऊन चुली वेगळ्या मांडत होतो. कथा ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं, पण चुलीपाशी बसलं की तिची आठवण होत नसे.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. पुढं विठोबाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुलं झालं. चुलीला मात्र आणखी वेळ लागला. थोरांकडून ऐकलेली गोष्ट अशी : एका वर्षी पावसात सगळ्यांचं सरपण भिजलं, कोरडं राहिलं ते एकाच गाडीतलं. गुऱ्हाळ चालवणारे एक बाबा दिंडीत होते. ते म्हणाले, “काहिलीखालचा जाळ विचारतो का, ऊस कुणाचा म्हणून? एकच चर मारा.” काही जण त्या रात्री उपाशी झोपले. पण दुसऱ्या दिवशी भूक त्यांनाही लागलीच.

तेव्हापासून आपली चूल म्हणजे चर. नव्या पोरांसाठी रीत लिहितो. आधी वारा पाहायचा. चराचं तोंड वाऱ्याकडं, धूर जायची वाट पलीकडच्या टोकाला. खोली हातभर. रुंदी पातेल्याच्या बुडापेक्षा चार बोटं कमी, म्हणजे पातेलं काठावर बसतं. पातेल्याच्या बाजूला बोटभर फट सोडायची, नाहीतर जाळ गुदमरतो. तळाला विटा अंथरून वर लोखंडी गज टाकायचे. लाकडाला खालून वारा लागला की धूर कमी होतो. नदीतले गोटे चुलीला लावायचे नाहीत, तापल्यावर ते फुटून उडतात. मोठ्या जाळाजवळ आधी डाळ-भाताची पातेली, शेवटच्या मंद आचेवर पाणी. लाकूड बारीक फोडलेलं आणि वाळलेलंच हवं.

पहाटे निघताना राख विझवायची, चर बुजवायचा. ज्याच्या रानात उतरलो त्याचं रान होतं तसं करून द्यायचं. हा नेम आपण कधी मोडलेला नाही.

आता ट्रक आहे, गॅस आहे. चहा-भात गॅसवर होतो आणि माउल्यांच्या डोळ्यांतला धूर गेला, याचा आम्हाला आनंद आहे. धूर सोसण्यात पुण्य नव्हतं, नाइलाज होता. तरी आपल्या मळ्यात सप्ताहासाठी पक्की चूल राखली आहे. विटा, वर वारुळाची माती, शेण आणि तूस यांचा गिलावा. सिमेंट लावलं नाही, कारण जाळानं ते तडकतं. मागं धुराडं आहे.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळं पायी वारी झाली नाही; माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्या दोन्ही आषाढांत मळ्यातली चूल फक्त नैवेद्यापुरती पेटली. दोन-चार माणसं, लांब लांब बसलेली. एकमेकांपासून दूर बसून जेवणं कसं लागतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. आपल्याच दिंडीतल्या काही घरांनी ते वर्षानुवर्षं सोसलं होतं.

शंभराव्या वर्षी त्यांची क्षमा मागून आम्ही हे लिहीत आहोत. पुढच्या पिढीनं गॅसवर रांधावं, विजेवर रांधावं. जाळ मात्र एकच ठेवावा आणि पंगतही एकच.

रामकृष्ण हरी.