कारभाराचा हिशेब

मराठी ख्रिस्ती बोलीत ‘कारभारी’ या शब्दाला वेगळं वजन आहे. पेशवाईतला कारभारी आपल्याला माहीत असतो, गावाकडे बायकोने नवऱ्याला मारलेली हाकही माहीत असते. मराठी बायबलमधला कारभारी मात्र धन्याची मिळकत सांभाळणारा माणूस आहे. मिळकत त्याची नाही, अधिकार त्याला दिलेला आहे आणि एक दिवस धनी येऊन हिशेब मागणार आहे. बुद्धी, पैसा, हाताखालची माणसं, सगळं आयुष्यच या कारभारात मोडतं, अशी ही श्रद्धा. ऐकायला सोपी. पण धन्याच्या वतीने हिशेब मागायला मध्येच दुसरं कोणी उभं राहिलं की ती अवघड होते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात असे बरेच जण उभे राहिले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेले होते, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही झाली नसताना पती बिपिनबिहारी. पुण्याला या बातमीचा धक्का बसला, हे आपण शाळेपासून ऐकतो. वाँटेजलाही नंतर धक्के बसले, हे फारसं सांगितलं जात नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंची अपेक्षा साधी होती: नवदीक्षित बाईने चर्चच्या वडीलधाऱ्यांचं ऐकावं. पण रमाबाई आधी बायबल वाचायच्या, मग प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर पटलं नाही तर तसं लिहून कळवायच्या. १८८५ मध्ये, चेल्टनहॅमला असताना, त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं का यावर हिंदुस्थानातल्या बिशपांची मतं मागवली गेली. ती प्रतिकूल आली. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, की आपल्याकडच्या भटभिक्षुकांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे आणि तिच्याबद्दल मी देवाला उत्तर देईन.

हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या पुस्तकात वाचायला मिळतो. वाचताना जेराल्डिनबाईंचीही कीव येते. त्यांना यात गर्व दिसला, आणि तो अगदीच कल्पनेतला होता असं म्हणवत नाही. शिवाय ‘मी फक्त देवाला उत्तर देईन’ हे वाक्य मोठं सोयीचं आहे. किती मठाधिपती आणि मिशनचालक त्याच्या आड लपून कोणालाच उत्तर देईनासे झाले! रमाबाई त्यांच्यातल्याच एक होत्या का, हे पत्रांवरून ठरत नाही. त्यासाठी पुढचं काम बघावं लागतं.

अमेरिकेत त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं, सभा घेतल्या, आणि १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं शाळेला पैसा पुरवायचा, आणि शाळेत धर्मशिक्षण लादायचं नाही, असा करार. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढे कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई याच शाळेतल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं. सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं होती.

वाद दाराचा झाला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने रान उठवलं, सल्लागारांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण माझं दारही लावून घेणार नाही. कराराच्या शब्दांत ते बसत होतं. तरीही रानडे-भांडारकरांची बाजू मला हलकी वाटत नाही. लोकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मुली पाठवल्या होत्या, म्हणजे तेही कारभारीच. त्यांचे धनी मात्र सदाशिव-नारायण पेठांत राहत होते आणि हिशेब उद्याच मागणार होते.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या शेतजमिनीवर नेलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं, ते उघडपणे ख्रिस्ती. त्यासाठी त्यांनी बॉस्टनच्या पैशाचा आधार घेतला नाही. तो शारदा सदनासाठी, एका अटीवर दिलेला पैसा होता. मुक्तीसाठी देवाकडे मागायचं आणि ख्रिस्ती मंडळींकडून येईल त्यावर चालवायचं, असं ठरलं. दोन कामं, दोन थैल्या. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत भरली तेव्हा त्या अमेरिकेला गेल्या, कामाचा हिशेब दिला. जुनी असोसिएशन संपून नवी स्थापन झाली, आणि तेव्हा कुठे त्या जुन्या अटीतून मोकळ्या झाल्या. श्रद्धेपोटी आधीच अट मोडली असती तर त्यांच्या भाविक मित्रांनी कौतुकच केलं असतं. पण माणसांना दिलेला शब्द न पाळता देवाला कसला हिशेब देणार?

याच काळात, १८९७ मध्ये, पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. गोऱ्या सरकारच्या धर्माची बाई सरकारविरुद्ध लिहिते, याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं.

मुक्तीबद्दल एक प्रश्न उरतोच. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास मुली-बायका होत्या. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, आंधळ्यांसाठी ब्रेल. भुकेने मरणारी दहा वर्षांची मुलगी इथे वाचली, शिकली आणि ख्रिस्ती झाली. बिशपांपुढे स्वतःच्या विवेकबुद्धीसाठी भांडणाऱ्या बाईच्या छत्राखाली या मुलीच्या विवेकबुद्धीला कितीशी मोकळीक होती? शारदा सदनात उघडं दार होतं. येणं न येणं मुलीवर. मुक्तीत प्रार्थना हा दिवसाचाच भाग. रमाबाई म्हणाल्या असत्या, की जे सर्वांत मोलाचं सापडलं ते पोरींपासून लपवलं तर कारभारी कसली? मला हे उत्तर समजतं, पुरतं पटत नाही. पण त्या दुष्काळात या मुलींसाठी गाडी जोडून निघालेले लोक मोजकेच होते, हेही नोंदवायला हवं.

शेवटची जवळजवळ १७ वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून भाषांतर केलं. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ पदवी दिलेल्या या बाईने शोधून शोधून संस्कृत शब्द बाहेर काढले. एक तर ते जुन्या धर्मकल्पना घेऊन येतात, आणि दुसरं, केडगावच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला ते कळत नाहीत. भाषांतर शब्दाला शब्द धरून चालतं, वाचताना अडखळायला होतं. विद्वानांनी ते फारसं उचललं नाही. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. काम तिच्या हाती सोपवायचं, असं ठरलेलं होतं. त्यानंतर जेमतेम आठ महिने रमाबाई जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच गेल्या. मुक्तीत सांगतात, की शेवटची मुद्रितं तपासायला त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागून घेतले होते आणि ती नुकतीच हातावेगळी झाली होती. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये.