अलिफ, ए आणि बाटी

इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, हे वाक्य विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगतात. आमच्या उमरग्याला हे दूध पोचेपर्यंत त्यात बरंच पाणी पडलं होतं. शिवाय ते पोरांना पाजायचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांनी वाघीण कधी पाहिलेली नव्हती. त्यांपैकी एक मी.

याला मेकॉले जबाबदार नाही. 1835 साली त्याने ते प्रसिद्ध टिपण लिहिलं, पण ते इंग्रजांच्या मुलखासाठी. उमरगा निजामाच्या राज्यात. शंभरेक किलोमीटरवरच्या सोलापुरात पोरं ए-बी-सी-डी घोकत होती तेव्हा आमच्याकडे सरकारची भाषा उर्दू. प्राथमिक शाळा ती तहतानिया, तिच्यापुढची वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे पुढे डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवू लागले. मराठीतून पुढचं शिकायचं, तर लोकांनी पदरमोड करून शाळा काढायची. जवळच्या हिप्परग्याला 1921 साली अशी राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वी तिथेच मास्तर होते.

आमचे आबा वस्तानिया शिकलेले. मराठी त्यांना पोथीपुरती, पण उर्दू अशी की कचेरीतला कारकूनसुद्धा दबकून असे. कुणाचा अर्ज, कुणाची नोटीस, सगळं आमच्या ओसरीवर यायचं. लिहून झालं की कुणी भाजी ठेवून जाई, कुणी पायलीभर ज्वारी.

मग 17 सप्टेंबर 1948 उजाडला. निजाम शरण आला. आबांनी गावभर गूळ वाटला. पण हळूहळू कचेरीतून उर्दू उठली आणि तिच्यामागोमाग आमच्या ओसरीवरची भाजीही उठली. आबा म्हणायचे, "स्वातंत्र्य आलं ते झ्याक झालं. पण मी सकाळी स्वतंत्र झालो अन् संध्याकाळी अंगठेबहाद्दर!" हे सांगताना ते हसायचे. आई मात्र हसायची नाही.

1956 साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. आबांनी मला बजावलं, "साहेब कोणत्या भाषेत सही करतोय ते बघ, अन् ती भाषा शीक." साहेब इंग्रजीत सही करत होता. मी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेतली आणि घोकायला बसलो. के-एन-आय-एफ-ई, नाईफ. आबांनी ऐकलं आणि विचारलं, "ह्यात तो 'के' काय करायलाय?" म्हटलं, "काही नाही, तो नुसता बसून असतो." आबा म्हणाले, "म्हणजे सरकारी दिसतोय."

पुढे मी प्राथमिक शिक्षक झालो. तीस वर्षं बाराखडी आणि पाढे सुखाने शिकवले. आणि 2000 साल आलं. शिक्षणमंत्री होते रामकृष्ण मोरे. त्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. खेड्यातल्या पोराने इंग्रजीत शहरातल्या पोराच्या मागे का राहावं, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त तो अमलात आणायला माझ्यासारखे लोक होते.

प्रशिक्षणात सांगितलं, "पहिलीला लिहिण्याची घाई नको. आधी ऐकवा, बोलतं करा." इथेच गोची होती. रजेचा अर्ज मी इंग्रजीत बिनचूक लिहीत असे, पण बोलायचं म्हटलं की भांडवल दोन वाक्यांचं: येस सर आणि नो सर. घरी सराव सुरू केला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "स्टँड अप!" बायको म्हणाली, "तुम्हीच उभे हाव न्हवं? मग जावा, दळण घेऊन या."

आता वर्गाचं सांगतो. उमरगा हे सीमेवरचं गाव. माझ्या वर्गात काही पोरांच्या घरी मराठी, काहींच्या कानडी, काहींच्या दखनी उर्दू, तर तांड्यावरून येणाऱ्यांच्या घरी गोरमाटी. त्यांतलीच एक मुलगी. पहिल्याच आठवड्यात मी मराठीच्या तासाला भाकरीचं चित्र दाखवलं. ती उठून म्हणाली, "बाटी." वर्ग हसला. मी म्हणालो, "चूक. भाकरी म्हण." ती बसली ती बसलीच. पुन्हा म्हणून तोंड उघडलं नाही. नाईफमधल्या 'के'सारखी हजेरीत दिसायची, ऐकू मात्र यायची नाही. मी मनातल्या मनात शेरा मारून टाकला: मठ्ठ.

आणि मग इंग्रजीचा तास आला. मी म्हणालो, "जम्प!" कुणी हललं नाही. मराठीवाली पोरं मराठीची वाट बघत बसलेली. शेवटी एक्कावन्नाव्या वर्षी मी स्वतःच उडी मारली. माझ्या पाठोपाठ सगळ्या वर्गात एकच उडी पडली. ती तिची! "टच युवर नोज" म्हणालो, तर सगळ्यांच्या आधी तिचा हात नाकावर. मला कारण उशिरा कळलं. मराठीच्या तासाला निम्मा वर्ग घरूनच पुढे निघून आलेला असायचा. इंग्रजीच्या तासाला सगळे एकाच रेघेवर उभे होते, मास्तरांसकट.

महिनाभराने ती टेबलाजवळ आली. "गुर्जी, बाटीला विंग्रजीत काय म्हणायचं?"

मी अडकलो. ब्रेड म्हणावं, तर ती पावाची लादी. तर्खडकर मदतीला येईनात. म्हणालो, "इंग्रजीत पण बाटीच म्हणायचं."

तिने क्षणभर विचार केला. "मग मराठीत का न्हाई?"

तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षणाधिकाऱ्यांनीसुद्धा मला असा प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर भाकरीचं चित्र काढलं आणि शेजारी लिहिलं: भाकरी, बाटी, रोट्टी, रोटी. कुणाचंच चूक नाही, असं जाहीर केलं. त्या दिवशी वर्गात जो गोंगाट झाला, तो ऐकून हेडमास्तर धावत आले.

2025 साली पहिलीपासून हिंदी आणायचा घाट घातला गेला. रान उठलं, आणि जूनअखेर सरकारने तो निर्णय मागे घेतला. कोणती भाषा कितवीपासून, यावर मोठी माणसं पुष्कळ भांडली. पोर घरून कोणती भाषा घेऊन येतंय, हे त्या भांडणात फारसं ऐकू आलं नाही. मीही माझ्या वर्गात कुठे विचारलं होतं?

आणि 2023 मध्ये तर गंमतच झाली. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामाच्या काळातली दप्तरं उघडली गेली. कागद उर्दूत आणि मोडीत. वाचणारा कोण? उर्दू येणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आबा असते तर ओसरीवर पुन्हा भाजी आली असती!

त्यांचा वस्तानियाचा दाखला अजून ट्रंकेत आहे. मी शिकलासवरलेला, दोन भाषांचा मास्तर. पण बापाच्या दाखल्यातलं एक अक्षर मला लागत नाही. कागद उलटा धरला की सुलटा, तेवढं शिक्क्यावरून कळतं.