घ्यावा की थांबावं? पेंटियम फोरची गोष्ट

नवीन प्रोसेसर बाजारात आला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घेऊन टाक, उद्या कोणी पाहिलाय? दुसरा म्हणतो, थांब जरा, सहा महिन्यांत भाव उतरतील. दोघंही अगदी छातीठोकपणे बोलतात. पण मंडळी, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की दोघांचीही छाती जरा आत जाते.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी हे गणित चक्क कागदावर मांडलं होतं. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरा. मग मोठी आकडेमोड आज सुरू करावी, की आधी मस्त आराम करून नंतर नव्या मशिनवर करावी? त्यांचं उत्तर असं की काम २६ महिन्यांपेक्षा मोठं असेल तर खुशाल थांबा. ताळा करून बघा. समजा काम ४० महिन्यांचं आहे. वर्षभर काहीच करू नका. वर्षानंतर मिळणारं मशिन तेच काम साधारण २५ महिन्यांत उरकेल. १२ अधिक २५, म्हणजे ३७. आराम करूनही तीन महिने आधी! पण याचीच दुसरी बाजू अशी की काम त्याहून लहान असेल तर थांबण्यात तोटाच. आपली कोड कंपाइल करण्याची, फोटो नीट करण्याची कामं तर २६ महिने सोडाच, २६ मिनिटंही चालत नाहीत.

म्हणजे हातात काम असेल तर सरळ घ्यावं? इथे या गणितातलं एक गृहीतक आडवं येतं. नवीन मशिन खरोखरच जास्त वेगवान असतं, हे आपण धरून चाललोय. नोव्हेंबर २००० मध्ये नेमकं तेच कोसळलं.

त्या वर्षी मार्चमध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला आणि दोन दिवसांत इंटेलने तेवढ्याच वेगाचा पेंटियम थ्री. ऑगस्टमध्ये इंटेलला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री परत मागवावा लागला, कारण काही कामांत तो गडबडत होता. अशा घाईत २० नोव्हेंबरला १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचे पेंटियम फोर आले. जाहिरातीत दिसायला आकडा एकदम झकास.

आकडा वाढला कसा? पेंटियम थ्रीमध्ये एक सूचना साधारण १० टप्प्यांतून जायची, पेंटियम फोरमध्ये २०. विहिरीपासून घरापर्यंत १० ऐवजी २० माणसं उभी करून हातोहात घागरी पाठवण्यासारखं हे आहे. प्रत्येकाचं काम कमी, म्हणून ठेका जलद. पण प्रोग्रॅम पुढे कुठल्या वाटेला जाईल याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधून ठेवतो. तो अंदाज चुकला की रांगेतल्या सगळ्या घागरी ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रांग जितकी लांब, तितकं नुकसान मोठं. त्यामुळे नव्या एसएसई२ सूचनांसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि काही गेम्समध्ये तो पुढे होता, पण रोजच्या बऱ्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री त्याच्या बरोबरीने धावत होता, आणि १.२ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन तर अनेकदा त्याच्या पुढे.

खरी मेख मात्र प्रोसेसरच्या बाहेर होती. त्याला महागडी रॅम्बस मेमरी लागायची, तीही जोडीने. रिकाम्या राहिलेल्या खाचांतही डमी पट्ट्या बसवाव्या लागत! आणि त्याचं सॉकेट होतं ४२३. ऑगस्ट २००१ मध्ये, म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांत, सॉकेट ४७८ आलं. जानेवारी २००२ मध्ये दुप्पट कॅशचा, १३० नॅनोमीटरवर बनलेला नॉर्थवूड आला तो या नव्या सॉकेटवरच. तोवर स्वस्त एसडीरॅमवर चालणारे बोर्डही मिळू लागले होते. पहिल्या दिवशी १.५ गिगाहर्ट्झच्या चिपला ८१९ डॉलर मोजणाऱ्याच्या हातात काय उरलं? पुढची वाट बंद झालेला बोर्ड आणि मोजक्याच बोर्डांवर चालणारी मेमरी.

मग थांबणारे शहाणे ठरले का? २००० ते २००२ थांबलेले नक्कीच. पण हीच रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याच्या गोष्टी इंटेल करत होती. त्या भरवशावर थांबलेल्यांचं काय? पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झवर अडकला. २००४ मध्ये इंटेलने त्याचा वारसदार तेहास आणि ४ गिगाहर्ट्झची चिप, दोन्ही रद्द केले. ट्रान्झिस्टर लहान झाले तरी व्होल्टेज पूर्वीसारखं उतरेना, आणि उष्णता आवरेना. नुसतं थांबून फुकट वेग मिळण्याचे दिवस तिथेच संपले. २०२३ मध्येही डेस्कटॉपची चिप अल्पकाळासाठी ६ गिगाहर्ट्झपर्यंतच पोचली होती.

आता याच्या उलट दोन उदाहरणं. १९८६ मध्ये कॉम्पॅकने ३८६ चा पीसी आणला. ३२ बिटचं सॉफ्टवेअर घरोघरी पोचायला विंडोज ९५ उजाडावं लागलं, पण डॉसचे जुने प्रोग्रॅम त्यावर पहिल्या दिवसापासून जलद चालत होते. जुलै २००६ च्या कोअर २ ड्युओचंही तसंच. २.४ गिगाहर्ट्झची, ३१६ डॉलरची चिप बहुतेक चाचण्यांत ३.७३ गिगाहर्ट्झच्या महागड्या पेंटियमला मागे टाकत होती, तीही ६५ वॅटमध्ये, जिथे त्याला १३० लागायचे. इथे थांबण्यात काहीच अर्थ नव्हता.

मला यातून एवढंच दिसतं. नवा प्रोसेसर माझं आजचं सॉफ्टवेअर आज जलद चालवतो का? आणि त्याच्याबरोबर घ्यावे लागणारे बोर्ड आणि मेमरी पुढेही चालतील का? दोन्हींना हो असेल तर घ्यावा. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याचं खात्रीने सांगता येत नाही, असं असेल तर आपण प्रोसेसर नाही, कंपनीचं आश्वासन विकत घेतोय. आश्वासन फुकट मिळालं तर ठीक, त्याचे ८१९ डॉलर कशाला द्यायचे?