यवतमाळ जिल्ह्यातील दैनंदिन त्वचासंगोपन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
शरीराच्या इतिहासात अन्न, वस्त्र व रोगराई यांचा विचार अभ्यासकांनी बराच केला आहे. त्वचेची रोजची निगा हा विषय मात्र घरगुती, बायकांचा आणि म्हणून किरकोळ समजला गेला. वस्तुतः एखाद्या समाजात कोणाच्या अंगाला तेल लागते, कोणाचे अंग उन्हात उघडे राहते आणि कोणाच्या अंगावर विष सांडते, यावरून त्या समाजातील श्रमाची व प्रतिष्ठेची वाटणी दिसून येते. या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्यातील त्वचासंगोपनाचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) वय व ऋतू यांनुसार चालत आलेल्या त्वचासंगोपनाच्या पद्धतींचे स्वरूप समजून घेणे.
२) विसाव्या शतकातील बाजारपेठेमुळे त्यात झालेल्या बदलाचा शोध घेणे.
३) शेतमजुराच्या त्वचेच्या संरक्षणाचा प्रश्न इतिहासाच्या संदर्भात मांडणे.

संशोधन पद्धती :
या निबंधासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून प्राचीन ग्रंथ, लोकव्यवहार आणि अलीकडील प्रसिद्ध घटना यांचा आधार घेतला आहे.

१. प्रदेश आणि हवामान :
उत्तरेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा या नद्यांमध्ये वसलेला हा जिल्हा ब्रिटिश काळात वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये पुसद तालुका त्यास जोडण्यात आला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. काळी कसदार जमीन, कापसाचे पीक, सागवानी जंगल आणि विषम हवामान ही येथील वैशिष्ट्ये होत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळ्यात काळी माती पायांना चिकटून राहते आणि हिवाळ्यात कोरडी थंडी पडते. एकाच वर्षात त्वचेला तीन निरनिराळ्या संकटांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे येथील लोकांची त्वचेविषयीची समज मुळातच ऋतूंशी बांधलेली आहे.

२. ग्रंथपरंपरा :
चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्या व ऋतुचर्या यांची चर्चा आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही अभ्यंग रोज करावा आणि डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. तेल लावणे, पिठाने अंग चोळणे व मग स्नान करणे हा क्रम आजच्या दिवाळीतील अभ्यंगस्नानात टिकून आहे. वऱ्हाडच्या भूमीत सिद्ध झालेल्या लीळाचरित्रातही स्नान, मर्दन अशा नित्य उपचारांचे उल्लेख येतात. मात्र रोज अभ्यंग करण्यास तेल, उसंत व मर्दन करणारे हात लागतात. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यास या तिन्ही गोष्टी क्वचितच लाभल्या. त्यामुळे ग्रंथातील दिनचर्या आणि कष्टकऱ्यांची रीत यांत अंतर राहिले.

३. वयानुसार निगा :
त्वचेची निगा घरात जन्मापासून सुरू होई. तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरणे, अंग चोळणे, डाळीचे पीठ व साय लावून न्हाऊ घालणे आणि ओव्याची धुरी देणे ही कामे घरातील वडीलधारी स्त्री किंवा सुईण करीत असे. बाळंतिणीला तेल व शेक मिळे. लग्नात वधूवरांना हळद लागे. म्हातारपणी पायाच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत होती. शरीराच्या नाजूक अवस्थांत दुसऱ्याचा हात अंगाला लागावा, ही या सर्व रीतींमागील समान दृष्टी होय. यांत गोरेपणाची हौस नव्हती असे म्हणता येणार नाही. तथापि मुख्य भर ऊब, मऊपणा व स्वच्छता यांवर होता.

४. ऋतूनुसार निगा :
उन्हाळ्यात डोक्याला व तोंडाला दुपट्टा गुंडाळणे हा विदर्भातील सर्वांत जुना, स्वस्त व परिणामकारक उपाय होय. घामोळ्यांवर चंदन किंवा मुलतानी मातीचा लेप देत. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. त्यावर मेंदीचा लेप किंवा हळद-तेल लावले जाई. नायट्यासाठी तरोट्याचा उपयोग होई. या वनस्पतीची संस्कृत नावे चक्रमर्द व दद्रुघ्न अशी असून दद्रू म्हणजे नायटा. त्याच तरोट्याची कोवळी पाने येथे भाजी म्हणूनही खातात. खरजेवर करंजाचे तेल व कडुनिंबाचा पाला ही ठरलेली औषधे होती.

हिवाळ्यात तीळ व जवस यांच्या तेलांबरोबर गोंड, कोलाम इत्यादी आदिवासी समाजांत मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे तेल महत्त्वाचे होते. हे तेल दिव्याला, स्वयंपाकाला व अंगाला असे तिहेरी उपयोगाचे असल्याने जंगलातील मोहाचे झाड तुटणे म्हणजे त्वचेचे औषधही तुटणे होय. टाचांच्या भेगांत बिब्ब्याचे तेल भरीत. परंतु बिब्बा उतू शकतो, म्हणजे त्याच्या रसाने त्वचा भाजून फोड येतात. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या स्त्रियांचे हात याची साक्ष देतात. म्हणून सर्वच जुने उपाय निर्धोक होते, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.

५. साबण, क्रीम आणि चेहरा :
विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाबरोबर रेल्वे आणि रेल्वेबरोबर शहरी माल जिल्ह्यात पोहोचू लागला. मुंबईत गोदरेजचा वनस्पती तेलापासून बनविलेला साबण १९१८ च्या सुमारास आणि अफगाण स्नो ही क्रीम १९१९ मध्ये आली. पुढे मूळच्या नागपूरच्या केशव विष्णु पेंढरकर यांनी मुंबईत १९५२ मध्ये विको या उद्योगाची स्थापना केली. त्यांच्या कंपनीने १९७५ मध्ये हळदीची क्रीम बाजारात आणली. ती औषध की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला आणि अखेर निकाल कंपनीच्या बाजूने लागला. घरातील हळद नळीत भरली गेली, तेव्हा तिचे नेमके काय झाले, हा प्रश्न शासनालाही पडला होता.

त्याच वर्षी फेअर अँड लव्हली ही क्रीम भारतात आली आणि गोरेपणा हीच निगा, असे समीकरण जाहिरातींनी रुजविले. व्यापक टीकेनंतर २०२० मध्ये या क्रीमच्या नावातील 'फेअर' हा शब्द वगळण्यात आला. या काळात निगेचे क्षेत्र संपूर्ण अंगावरून चेहऱ्यापुरते आकुंचन पावले, असे दिसते. दुसरीकडे नायट्यावर स्टेरॉइडयुक्त मलमे परस्पर लावण्याची सवय देशभर वाढली. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण रोग पसरतो व चिवट होतो. म्हणून २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे बंधन घातले.

६. श्रमिकाची त्वचा आणि २०१७ :
चेहऱ्याच्या क्रीमा खेडोपाडी पोहोचल्या, परंतु फवारणी करणाऱ्याचे अंग उघडेच राहिले. २०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. किडीमुळे फवारण्या वाढल्या. जास्त दाबाचे पंप वापरात आले आणि औषधांची मिश्रणेही झाली. शासनाने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले.

ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके श्वासाबरोबरच त्वचेतूनही शरीरात शिरतात. घामाने ओली, ओरखडलेली त्वचा त्यांना अधिक वाट देते. ओले कपडे त्वरित काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुणे हा त्यावरील प्राथमिक उपाय होय. परंतु शेतात साबण कोठून येणार, पाणी किती लांब आहे आणि काम थांबविल्यास मजुरी कोण देणार, हे प्रश्न त्या उपायाआधी येतात. जाड हातमोजे व संपूर्ण अंगाचा पोशाख दमट उकाड्यात घालणेही कठीण असते. अशा स्थितीत केवळ मजुराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविणे अन्यायाचे ठरते. कापूस वेचणाऱ्या स्त्रिया साडीवर जुना सदरा घालून ऊन आणि बोंडांच्या टोकांपासून हात वाचवितात. स्वतःच्या त्वचेची जाण त्यांना आहे, कमतरता साधनांची आहे.

निष्कर्ष :
१) जिल्ह्यातील पारंपरिक त्वचासंगोपन वय, ऋतू व स्थानिक वनस्पती यांवर आधारलेले होते. त्यातील काही उपाय उपयुक्त, तर काही अपायकारक होते.
२) ग्रंथातील अभ्यंगाचा लाभ उसंत असणाऱ्यांना अधिक झाला.
३) आधुनिक बाजाराने निगेचा अर्थ चेहरा व वर्ण यांपुरता मर्यादित केला.
४) २०१७ च्या घटनेने श्रमिकाच्या त्वचेचे संरक्षण हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे दाखवून दिले.

शेताच्या बांधावर धुण्यापुरते पाणी, एक साबण आणि हवामानास सोसेल असा पोशाख मिळणे, ही या जिल्ह्यातील त्वचासंगोपनाची आजची पहिली गरज आहे. बाळाच्या टाळूवर तेल घालणाऱ्या समाजाने फवारणी करून परतणाऱ्या हातांचीही तितकीच काळजी वाहिली पाहिजे.