संकेतस्थळांतर्गत शोध

संकेतस्थळांतर्गत शोध म्हणजे एखाद्या संकेतस्थळावरील मजकूर त्याच संकेतस्थळावर शोधण्याची सुविधा होय. गूगलसारखे शोधयंत्र महाजालावरील असंख्य संकेतस्थळांचा धांडोळा घेते. ही सुविधा एकाच संकेतस्थळापुरती मर्यादित असते. ज्ञानकोश, ग्रंथालये व मोठी ऑनलाइन दुकाने यांना ती अत्यावश्यक असते. लहान व्यवसायाला तिची गरज आहे किंवा नाही, हे पानांची संख्या, वस्तूंची विविधता आणि मजकुराची भाषा यांवर ठरते.

आवश्यकता

वरंध (तालुका महाड, जिल्हा रायगड) यासारख्या गावातील निवास-न्याहारी केंद्राच्या संकेतस्थळाला खोल्या, दर, मार्ग व संपर्क एवढी मोजकी पाने पुरतात. तेथे स्पष्ट शीर्षकांची अनुक्रमणिका पुरेशी ठरते. महाड व भोर यांना जोडणाऱ्या वरंधा घाटातील वाहतूक पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद ठेवली जाते. अशी सूचना पर्यटकाला शोधावी लागू नये, ती पहिल्याच पानावर असावी. याउलट, शेकडो पुस्तके किंवा यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या ग्राहकाला हव्या त्या वस्तूचे नाव बहुधा आधीच ठाऊक असते. त्याच्यासाठी शोधसुविधा उपयुक्त असते.

मराठी मजकुरातील अडचणी

साधी शोधसुविधा टंकित अक्षरे जशीच्या तशी जुळवून पाहते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. त्यामुळे ‘वरंधा’ असे शोधल्यास ‘वरंध्यातील’ हा शब्द सापडत नाही. ‘शिवथरघळ’ हे नाव जोडून आणि तोडून अशा दोन्ही प्रकारे लिहिले जाते. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे नोंदवला जातो. दिसायला सारखी असलेली ही रूपे संगणकाला भिन्न वाटू शकतात. निकाल रिकामा आल्यास वस्तू उपलब्धच नाही, असा ग्राहकाचा समज होतो. म्हणून सदोष शोधसुविधा ती मुळीच नसण्यापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते.

पर्याय

वर्डप्रेस या प्रणालीत शोधसुविधा अंगभूत असते. गूगलची शोधपेटीही संकेतस्थळाला जोडता येते. मात्र तिच्या विनामूल्य आवृत्तीत निकालांसोबत जाहिराती दिसतात. सुविधा ठेवल्यास वस्तूंच्या नावांची पर्यायी रूपे व रोमन लिपीतील लेखन मजकुरात समाविष्ट करणे आणि निष्फळ ठरलेल्या शोधांची नोंद वेळोवेळी तपासणे आवश्यक असते.